हसण्याचे फायदे खरे आहेत, पण आईंचं हसू कुठे अडलंय ते आधी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई ६८ वर्षांच्या आहेत, रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या सुरू आहेत, वडिलांना जाऊन दीड वर्ष झालं. शेजारच्या काकू रोज सकाळी बागेतल्या हास्य क्लबला जातात आणि आईंना 'चला' म्हणतात. आई मात्र 'कारण नसताना हसायला मी काय वेडी आहे का' म्हणून घरातच बसतात. हसण्यानं तब्येतीला खरोखर काही होतं का, ओढूनताणून हसण्याचा उपयोग काय आणि गोळ्या कमी होतील का, असं तुम्ही विचारलंय.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सांगलीत २७ वर्षं काम करतेय, त्यातलं बरंचसं साठीच्या पुढच्या लोकांबरोबर. गुडघे, कंबर, पक्षाघातानंतरचे व्यायाम, दम्याचे आणि छातीचे पेशंट. गेली ११ वर्षं सकाळच्या एका हास्य गटाला व्यायाम बसवून द्यायलाही जाते. त्यामुळे हसण्याचं शास्त्र जेवढं वाचलंय तेवढंच ते बागेत उभं राहून बघितलंय.

गोळ्यांचं आधी सांगते, कारण नुकसान तिथेच होतं. हास्य क्लबला जाऊन बीपीची किंवा शुगरची गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, अर्धीही करायची नाही. आमच्या गटातल्या एका निवृत्त गृहस्थांनी हे केलं होतं. छान वाटतंय म्हणून तीन आठवडे गोळी सोडली. एके सकाळी डोकं जड झालं म्हणून मोजलं तर वरचा आकडा २०० च्या घरात. वेळेवर लक्षात आलं म्हणून निभावलं. बरं वाटणं वेगळं आणि रक्तदाब आटोक्यात असणं वेगळं. हसण्यानं बरं नक्की वाटतं. गोळी किती घ्यायची ते मात्र डॉक्टरांनी मोजूनच ठरवायचं.

आता शरीरात काय होतं ते. छातीच्या पेशंटना सांगते तसंच सांगते. हसणं म्हणजे मुळात श्वास सोडणं. 'हा हा हा' करताना आपण हवा आत घेतच नाही. पोटाचे आणि बरगड्यांमधले स्नायू सेकंदाला चार-पाच झटके देतात आणि प्रत्येक झटक्याला थोडी थोडी हवा बाहेर जाते. एरवी शांतपणे श्वास सोडल्यावर फुप्फुसात जी हवा शिल्लक राहते, तिच्यातलीही बरीच बाहेर पडते. म्हणून तर पोट धरून हसल्यावर शेवटी आपण मोठ्ठा श्वास आत ओढतो. दिवसभर खुर्चीत किंवा पलंगावर बसून वरच्यावर श्वास घेणाऱ्या माणसाला एवढा खोल श्वास दिवसातून एकदाही मिळत नाही. कफ सुटावा म्हणून आम्ही पेशंटला तोंड उघडं ठेवून, चष्म्याच्या काचेवर वाफ धरतो तसं 'हाऽऽ' करून श्वास सोडायला शिकवतो. खळखळून हसणाऱ्याकडून साधारण तेच न शिकवता होतं. छातीत कफ असलेली माणसं हसता हसता खोकायला लागतात ती बहुतेक वेळा यामुळे.

हसताना नाडी वाढते, रक्तदाबही तेवढ्यापुरता चढतो. हसू ओसरलं की दोन्ही उतरतात आणि अंगातले स्नायू काही वेळ ढिले पडतात. हसून हसून हातातला कप खाली ठेवावा लागतो, पाय लटपटतात, ते याचंच लक्षण. आखडलेल्या खांद्याचा पेशंट आला की मी हात लावण्याआधी त्याला बोलतं करते. तो एकदा मनापासून हसला की खांदा मोकळा सुटतो आणि त्याला न दुखवता तो मला जास्त फिरवता येतो. हे मी रोज बघते.

'१५ मिनिटं हसलं की अमुक किलोमीटर पळाल्याचा व्यायाम' असे मेसेज मात्र विसरा. अमेरिकेतल्या संशोधकांनी हसणाऱ्यांची ऊर्जा खोलीत बंदिस्त करून मोजली होती, २००७ साली ते प्रसिद्ध झालं. नुसतं बसून राहण्यापेक्षा हसताना १० ते २० टक्के जास्त ऊर्जा लागते. दिवसभरात १०-१५ मिनिटं हसलं तर १० ते ४० कॅलरी. एका पोळीच्या निम्म्यानंही नाही. आईंच्या शुगरसाठी चालणं लागेलच.

दुखण्याच्या बाबतीत पुरावा जास्त भक्कम आहे आणि माझ्या कामाशी त्याचा थेट संबंध आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना विनोदी कार्यक्रम दाखवले, काहींना साधे माहितीपट दाखवले, आणि त्याआधी व नंतर वेदना किती सहन होते ते मोजलं. हातावर बर्फासारखी गार पट्टी गुंडाळायची किंवा बीपीचा पट्टा फुगवत न्यायचा, आणि 'आता नको' कधी म्हणतात ते बघायचं. जे खळखळून हसले होते त्यांची सहनशक्ती वाढलेली दिसली, माहितीपट बघणाऱ्यांची वाढली नाही. पुढे २०१७ मध्ये फिनलंडमधल्या तुर्कू इथल्या संशोधकांनी मेंदूचं स्कॅन करून दाखवलं की जवळच्या मित्रांबरोबर हसल्यावर मेंदूत अफूच्या जातीची, आपल्याच शरीरात तयार होणारी वेदनाशामकं सुटतात. त्या पाहणीत १२ च पुरुष होते, त्यामुळे तिचा डंका पिटायचं कारण नाही, पण दोन्ही अभ्यास एकमेकांना धरून आहेत.

वेदना आणि हसण्याची चर्चा जगभर पसरली ती नॉर्मन कझिन्स या अमेरिकी संपादकांमुळे. १९६४ मध्ये त्यांना मणक्याच्या सांध्यांचा असह्य आजार झाला. त्यांनी हॉस्पिटल सोडून हॉटेलात मुक्काम हलवला, विनोदी चित्रफिती मागवून बघितल्या आणि १० मिनिटं पोट धरून हसलं की दोन तास बिनवेदनेची झोप मिळते असं त्यांना आढळलं. १९७६ मध्ये त्यांचा लेख अमेरिकेतल्या सर्वांत मानाच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. माझे काही पेशंट ही गोष्ट 'हसून असाध्य रोग बरा केला' अशी सांगतात. तशी ती सांगू नये. एका माणसाचा अनुभव आहे, सोबत क जीवनसत्त्वाचे मोठे डोस होते, आणि निदानाबद्दलही नंतर शंका घेतल्या गेल्या. पण ठणकत्या माणसाला दोन तास झोप लागणं ही लहान गोष्ट नाही. संधिवाताच्या पेशंटची रात्र ज्यानं बघितली आहे त्याला त्या दोन तासांची किंमत कळेल.

रक्तवाहिन्या, शुगर आणि ताणाची संप्रेरकं यांवरही अभ्यास आहेत. मेरीलँड विद्यापीठातल्या मायकेल मिलर या हृदयतज्ज्ञांनी २००५ मध्ये २० निरोगी माणसांना एकदा विनोदी आणि एकदा ताण आणणारा सिनेमा दाखवून दंडातल्या धमनीचा प्रवाह मोजला. हसल्यावर २० पैकी १९ जणांचा प्रवाह वाढला, ताणाच्या सिनेमानंतर १४ जणांचा घटला. जपानमध्ये २००३ मध्ये मधुमेहाच्या १९ रुग्णांना एक दिवस जेवणानंतर कंटाळवाणं व्याख्यान ऐकवलं आणि दुसऱ्या दिवशी तेच जेवण देऊन विनोदी कार्यक्रम दाखवला. विनोदाच्या दिवशी जेवणानंतरची साखर कमी चढली. २०२३ मध्ये आठ प्रयोगांतल्या ३१५ लोकांचे आकडे एकत्र करून बघितले तेव्हा हसणाऱ्यांमध्ये कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक जवळपास ३२ टक्के जास्त उतरलेलं आढळलं. हे सगळं त्या तासाचं, त्या दिवसाचं मोजमाप आहे. वर्षभर रोज हसलं तर तीन महिन्यांची सरासरी साखर किती उतरेल हे यावरून काढता येत नाही. उत्साहाच्या भरात लोक नेमकी तीच उडी मारतात.

आता 'खोटं हसून काय होणार' हा प्रश्न. हास्य क्लबची कल्पना आपल्या मुंबईतलीच. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या एका बागेत पाच जणांना घेऊन सुरुवात केली. आधी रोज एकेकानं विनोद सांगायचा आणि बाकीच्यांनी हसायचं असं होतं. दोनेक आठवड्यांत चांगले विनोद संपले, चावट आणि कुणाला तरी टोचणारे सुरू झाले, लोक नाराज झाले. तेव्हा त्यांनी विनोदच काढून टाकला. हसणं हाच व्यायाम, टाळ्यांच्या तालावर 'हो हो, हा हा हा', मध्ये दीर्घ श्वसन. त्यांच्या पत्नी माधुरी योगशिक्षिका, त्यामुळे योगातला श्वास त्यात आला. पुढे पुण्यात विठ्ठल काटे यांच्या नवचैतन्य हास्ययोग परिवारानं बागाबागांत गट उभे केले, आणि आज आपल्याकडे लहान शहरांतही सकाळी असे गट दिसतात.

विनोद काढून टाकणं हा निर्णय किती योग्य होता ते मला रॉबर्ट प्रोव्हाइन यांचं काम वाचल्यावर कळलं. या अमेरिकी शास्त्रज्ञानं बाजारात, कट्ट्यावर, कॉलेजात लोक हसतात तेव्हाचे १२०० प्रसंग टिपले. त्यातलं फार तर २० टक्के हसणं विनोदासारख्या कशावर तरी होतं. उरलेलं 'बरं, भेटू मग', 'आलीस का गं तू' अशा साध्या वाक्यांवर. आणि माणूस एकटा असतो त्यापेक्षा चारचौघांत ३० पट जास्त हसतो. म्हणजे आपण हसतो ते मुख्यतः माणसांमुळे. म्हणून आईंना मोबाइलवर विनोदी क्लिपा लावून देऊ नका असं मी म्हणत नाही, पण त्या क्लिपा बागेची जागा घेणार नाहीत.

ओढूनताणून केलेल्या हसण्याचं म्हणाल तर पहिली दोन-तीन मिनिटं ते खरोखर कृत्रिमच असतं. श्वासाचा व्यायाम तरीही होतो, कारण डायफ्रॅमला, म्हणजे छाती-पोटामधल्या श्वासाच्या पडद्याला, हसायला कारण लागत नाही. मग समोरचे जोशीकाका डोळे मोठे करून सिंहासारखी जीभ बाहेर काढतात, कुणाची टोपी पडते, आणि खरं हसू केव्हा सुटलं ते कळत नाही. नुसत्या ठरवून केलेल्या हसण्याचा उपयोग दाखवणारा एक चांगला प्रयोग २०२४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. चीनमध्ये डोळे कोरडे पडणाऱ्या २९९ जणांपैकी निम्म्यांना डोळ्यांत थेंब दिले आणि निम्म्यांना दिवसातून चार वेळा पाच-पाच मिनिटं ठरावीक शब्द उच्चारत हसायला लावलं. आठ आठवड्यांनी हसणाऱ्यांचा त्रास थेंबवाल्यांइतकाच कमी झाला होता. त्यांना कुणी विनोद सांगितला नव्हता. गाल आणि डोळ्यांभोवतीचे स्नायू वापरले गेले, एवढंच.

पण हे सगळं आईंना वाचून दाखवून त्या बागेत जातील असं मला वाटत नाही. 'मी काय वेडी आहे का' हे कारण मी शेकड्यांनी ऐकलंय आणि बऱ्याचदा त्यामागे वेगळंच काहीतरी असतं. तुमच्या प्रश्नातली मला खरी महत्त्वाची वाटलेली गोष्ट ही आहे.

एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे गुडघ्यासाठी यायच्या. वर्गात चाळीस पोरं हसवणारी बाई. गुडघा सुधारला, चालायला लागल्या, तरी गटात यायला तयार नव्हत्या. रोज नवीन सबब. शेवटी एक दिवस खोलीत दुसरं कुणी नसताना खालच्या आवाजात म्हणाल्या, "मॅडम, हसलं की कपडे ओले होतात." चार वर्षं हे चाललं होतं. चार वर्षं त्यांनी लग्नाला जाणं कमी केलं होतं, माहेरच्या बहिणी जमल्या की त्या उठून स्वयंपाकघरात जायच्या, प्रवासाच्या दिवशी पाणी पीत नसत. घरात कुणाला माहीत नव्हतं. मुलीलाही नाही.

वर सांगितलं ना, हसताना पोटाचे स्नायू झटके देतात. तो दाब वर फुप्फुसावर पडतो तसाच खाली मूत्राशयावरही पडतो. बाळंतपणं, पाळी गेल्यानंतरचे बदल, वाढलेलं वजन, वर्षानुवर्षांचा खोकला किंवा बद्धकोष्ठ यांनी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झाले असतील तर हसताना, शिंकताना, खोकताना लघवीचे थेंब गळतात. हे इतकं सर्रास आहे की चाळिशीच्या पुढची बाई माझ्याकडे कशासाठीही आली तरी मी आपणहून विचारते. आपणहून सांगणारी क्वचित भेटते. बायका हे 'वयाचं' म्हणून गप्प सोसतात, आणि सोसणं म्हणजे काय, तर हसणं बंद करणं. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर काही पुरुषांचंही असंच होतं, ते तर आणखी गप्प बसतात.

यावर व्यायाम आहे आणि तो काम करतो. गुदद्वाराशी वारा अडवताना आपण जसं आतून आवळून वर ओढतो, तसं आवळायचं. मांड्या, कुल्ले, पोट सैल ठेवायचं, श्वास चालू ठेवायचा. पाच-सहा सेकंद धरायचं, तेवढाच वेळ सोडायचं. सुरुवातीला तीनच सेकंद जमले तरी चालतील. एका वेळी आठ, दिवसातून तीन वेळा, आणि निदान तीन महिने. लघवी करताना मध्येच धार थांबवून हा व्यायाम करत बसू नये. स्नायू थोडे कळायला लागले की पुढची युक्ती: हसू फुटतंय, शिंक येतेय असं वाटताच आधी आवळायचं आणि मग हसायचं. दिवसातून दहा वेळा मुद्दाम 'आवळ, मग खोक' असा सराव केला की अंगवळणी पडतं. बऱ्याच जणी चुकीचे स्नायू आवळतात, म्हणून एकदा फिजिओथेरपिस्टला किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून शिकलेलं बरं. पाणी तोडू नये. पाणी कमी प्यायलं की लघवी दाट होऊन मूत्राशयाला जास्त टोचते आणि वर बद्धकोष्ठ होतं.

तुमच्या आईंच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी बघा. शुगर वाढलेली असेल तर लघवीचं प्रमाण वाढतं आणि जंतुसंसर्गही लवकर होतो, तेव्हा लघवीची तपासणी आधी करून घ्या. आणि बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात. ती गोळी सकाळी सहाला घेऊन सातला बागेत उभं राहायचं म्हटलं तर कुणालाही नकोसं होईल. गोळीची वेळ बदलता येते का ते डॉक्टरांना विचारा. आमच्या गटातल्या दोन जणींचा प्रश्न एवढ्यानंच सुटला.

त्या शिक्षिकाबाईंना तीन महिने लागले. पूर्ण थांबलं नाही, पण एखाद्या पातळ पॅडवर भागायला लागलं. आता त्या गटात सगळ्यांत पुढे उभ्या असतात, आणि नव्यानं आलेल्या बायकांना बाजूला घेऊन हा व्यायाम त्याच शिकवतात. मी शिकवते त्यापेक्षा त्यांचं जास्त ऐकलं जातं.

दुसरी अडचण कवळीची. सैल कवळी हसताना सुटते, म्हणून माणूस ओठ मिटून, तोंडासमोर पदर किंवा हात धरून हसतो. हिरड्या झिजत जातात तशी जुनी कवळी ढिली होते. दंतवैद्याकडे एक-दोन खेपांचं काम असतं. तिसरी कानांची. ऐकू कमी येणारा माणूस सगळे हसले की मागून हसतो, किंवा 'मलाच हसले की काय' या विचारानं खट्टू होतो, आणि हळूहळू बैठकीतून उठून जातो. आई टीव्हीचा आवाज वाढवत असतील तर कान तपासा. कधीकधी नुसता मळ निघतो. अशा माणसांना हास्य क्लब उलट जास्त सोयीचा, कारण तिथे ऐकून समजण्यासारखं काही नसतंच.

आणि मग दुःख. दीड वर्ष म्हणजे फार नाही. आपल्याकडे नवरा गेलेल्या बाईनं चारचौघांत मोठ्यानं हसणं आजही काही नजरांना खुपतं, आणि बाहेरच्या नजरांपेक्षा आतली जड असते: 'ते नाहीत आणि मी हसू?' मोठ्यानं हसण्याबद्दलचा हा संकोच जुना आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात हसण्याचे सहा प्रकार सांगितलेत. स्मित आणि हसित ही उत्तम पात्रांची, विहसित आणि उपहसित मध्यमांची, आणि डोळ्यांत पाणी आणणारं अपहसित व कुशी धरायला लावणारं अतिहसित अधमांचं. फुप्फुसाच्या दृष्टीनं सर्वांत कामाचं हसणं नेमकं शेवटच्या पायरीवर. आपल्या आया-आज्यांना 'बाईच्या जातीला असं फिदीफिदी हसणं शोभत नाही' हे कुणी पुस्तक वाचून शिकवलं नव्हतं, पण वळण तेच.

कॅलिफोर्नियात १९९० च्या दशकात डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनॅनो या मानसशास्त्रज्ञांनी जोडीदार गेलेल्या लोकांशी सहा महिन्यांनी बोलून त्यांच्या चेहऱ्यांचा बारकाईनं अभ्यास केला. गेलेल्या माणसाबद्दल बोलताना ज्यांना मधूनच डोळ्यांपर्यंत पोचणारं खरं हसू आलं, त्यांच्या मनावरचा ताण कमी होता आणि माणसांशी नातीही जास्त चांगली होती. मला हे घरोघरी दिसतं. तेव्हा आईंना हसवायला बाहेरचं काही आणू नका, बाबांचीच आठवण काढा. त्यांची एखादी खोड, कधीतरी उडालेली फजिती, चुकलेली गाडी. पहिल्यांदा डोळे भरतील. भरू द्या. त्यातच कधीतरी त्या हसतील.

पण त्या जेवत नसतील, पहाटे तीनला उठून बसत असतील, कशातच रस उरला नसेल, 'आता कशाला जगायचं' असं बोलत असतील, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ हवेत. हास्य क्लबला तिथे उपचार समजू नका. सिडनीतल्या वृद्धाश्रमांमध्ये विदूषक आणि विनोदाचे कार्यक्रम नेऊन मोठी चाचणी झाली होती. रहिवाशांची अस्वस्थता, चिडचिड कमी झाली, पण नैराश्यात म्हणावा असा फरक पडला नाही.

जाण्याआधी काय तपासायचं तेही सांगते. हर्नियाचं, पोटाचं, डोळ्यांचं किंवा कुठलंही ऑपरेशन अलीकडे झालं असेल तर सर्जननी हो म्हणेपर्यंत जोरात हसण्याचे प्रकार नकोत. घरात हसू आलंच तर पोटाच्या टाक्यांवर उशी घट्ट दाबून धरायची. बीपी आटोक्यात नसेल, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, चालताना छातीत दुखत असेल, अंग (गर्भाशय) बाहेर येत असेल, बरगडी मोडली असेल, रक्त पडणारी मूळव्याध किंवा काचबिंदू असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. दम्याच्या पेशंटला हसताना खोकल्याची उबळ येऊन छातीत शिट्टी वाजत असेल, तर दमा नीट आवरलेला नाही असं समजून औषध तपासून घ्या. पंप खिशात असावा. हसता हसता कुणी शुद्ध हरपून कोसळलं, क्षणभर का होईना, तर 'हसून हसून चक्कर आली' म्हणून सोडू नका, हृदयाची तपासणी करा. पक्षाघातानंतर काही जणांना आतून काही वाटत नसताना हसू किंवा रडू आवरत नाही. तो मेंदूच्या इजेचा भाग आहे, त्यावर औषध आहे. अशा माणसाला घरचे 'वेळकाळ कळत नाही' म्हणून रागावतात तेव्हा मला फार वाईट वाटतं.

यातलं काही नसेल तर पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः आईंबरोबर जा. घरून लघवीला जाऊन, थोडं खाऊन निघा. शुगरची गोळी घेऊन रिकाम्या पोटी तर मुळीच नको. गटप्रमुखांना आधीच सांगून ठेवा की या आज फक्त बसणार आहेत, कुणी हात धरून ओढू नका. बाकावर बसू द्या, टाळ्या वाजवाव्या वाटल्या तर वाजवतील. साधारण अर्धा तास असतो: हातपाय मोकळे करणं, टाळ्या, मध्ये मध्ये श्वास, आणि हसण्याचे दहा-बारा प्रकार. एकेक प्रकार अर्ध्या-एक मिनिटाचा, त्यापेक्षा लांबवत नाहीत. हात उंच करून मागे वाकणं आईंनी पहिला महिना टाळावं, त्यात तोल जातो. संपल्यावर लगेच घरी आणू नका. आमच्याकडे नंतर बाकावर भडंगाची पिशवी फिरते, कुणाच्या नातवाचा निकाल, कुणाच्या सुनेची बदली निघते, आणि मला वाटतं अर्धं काम तिथे होतं. सलग चार दिवस कुणी आलं नाही तर त्यांच्या घरी फोन जातो. एकट्या राहणाऱ्या बाईसाठी हा फोन फार मोलाचा आहे.

आणि त्याआधी, आज-उद्याच, घरात दुसरं कुणी नसताना आईंना विचारा. "तुला लघवीचा त्रास आहे का" असं थेट विचारलंत तर 'नाही' म्हणतील. "आई, शिंकताना-हसताना माझंही कधी कधी होतं, तुझं होतं का?" असं विचारा. तुमचं होत नसेल तर माझ्या पेशंटबाईंची गोष्ट सांगा. उत्तर 'हो' आलं, तर बाग तीन महिने थांबली तरी चालेल. लघवीची तपासणी, गोळीची वेळ आणि तो आवळण्याचा व्यायाम, या क्रमानं सुरू करा. सहा आठवड्यांत काहीच फरक जाणवला नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि तेव्हा परत लिहा.